'सेरोटोनिन कमी झालं म्हणून नैराश्य आलं' – हे वाक्य माहितीपत्रकात ठेवावं का?

पायवाट

नैराश्यासाठी पहिल्यांदाच औषध सुरू होतंय अशा माणसाच्या आणि त्याच्या घरच्यांच्या हाती द्यायचं एक पानी पत्रक मराठीत नव्याने लिहायचं आहे. जुन्या पत्रकाची सुरुवात अशी आहे: "मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन कमी झालं की नैराश्य येतं. या गोळीने ती कमतरता भरून निघते."

वाक्य सोपं आहे. 'माझाच कमकुवतपणा' हा सल त्याने थोडा निघतो आणि गोळीही घेतली जाते. पण ते खरं आहे का? २०२२ मध्ये जोॲना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांचा आढावा 'मॉलिक्युलर सायकिॲट्री'मध्ये आला. सेरोटोनिन कमी असल्यामुळे नैराश्य येतं याला सातत्याने टिकणारा पुरावा सापडत नाही, असा त्याचा निष्कर्ष. तो वाचून आलेल्या माणसाला हे पत्रक कसं द्यायचं?

म्हणून विचारतो: वाक्य काढायचं का? काढलं तर 'मग गोळी कशाला?' याला उत्तर काय? आणि रसायनं आणि मनःस्थिती यांचं नातं खोटं न बोलता चार-पाच ओळींत कसं सांगायचं?

निशिगंध

काढाच. चुकीच्या वाक्यावर बसलेला विश्वास पहिल्या उलट बातमीसरशी उडतो आणि मग माणूस गोळीही सोडतो.

तळटीप

हे वाक्य आलं कुठून ते पाहिलं तर त्याची मर्यादा लगेच कळते. रोग समजला आणि मग औषध शोधलं, असं इथे झालेलंच नाही. औषधं आधी हाती लागली, स्पष्टीकरण मागाहून आलं.

१९५२ च्या सुमारास क्षयरोग्यांना आयप्रोनियाझिड देत होते. त्यांच्यातल्या अनेकांना हुरूप आला, भूक लागायला लागली. हे औषध मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाच्या विकराला अडवतं, त्यामुळे सेरोटोनिन, नॉरॲड्रिनलिन आणि डोपामिन यांचं विघटन मंदावतं, हे त्याच काळात कळलं. दुसरीकडे सर्पगंधा. रुस्तम जाल वकील यांनी तिचा रक्तदाबावरचा उपयोग १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला आणि जगाचं तिच्याकडे लक्ष गेलं. तिच्यातलं रेसर्पिन चेतापेशींतला याच तीन रसायनांचा साठा रिकामा करतं, आणि ते घेणारे काही जण खिन्न झाल्याच्या नोंदी येऊ लागल्या. १९५७ मध्ये रोलंड कून यांनी इमिप्रामिनचा नैराश्यावरचा गुण दाखवला.

साठा रिकामा केला की खिन्नता, वाढवला की उभारी. यावरून १९६५ मध्ये जोसेफ शिल्डक्राउट यांनी नॉरॲड्रिनलिनची आणि १९६७ मध्ये ॲलेक कॉपन यांनी सेरोटोनिनची बाजू मांडली. शिल्डक्राउट यांनी त्याच लेखात, ही मांडणी म्हणजे फार गुंतागुंतीच्या अवस्थेचं अतिसुलभीकरण आहे, असंही लिहून ठेवलं होतं. ते वाक्य पत्रकांपर्यंत कधी पोचलंच नाही. १९५५ चा डेव्हिस आणि शेफर्ड यांचा 'लॅन्सेट'मधला निबंधही असाच मागे पडला. त्यात चिंताग्रस्त आणि खिन्न रुग्णांना रेसर्पिननेच बरं वाटलं होतं!

दवबिंदू

तळटीप यांनी इतिहास छान मांडलाय. प्रयोगांची बाजू मी जोडते.

सेरोटोनिन ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून बनतं आणि ते आहारातूनच यावं लागतं. म्हणून साधारण १०० ग्रॅम इतर अमिनो आम्लांचं, पण ट्रिप्टोफॅन अजिबात नसलेलं पेय प्यायला देतात. यकृत प्रथिनं बनवायला लागतं, त्यात शिल्लक ट्रिप्टोफॅन खर्च होतं, आणि रक्त-मेंदू अडसर ओलांडायच्या वाहकावर इतर अमिनो आम्लांची गर्दी होते. पाच ते सात तासांत रक्तातलं ट्रिप्टोफॅन बरंच खाली येतं.

निरोगी माणसांना याने नैराश्य येत नाही. सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळीने जे नुकतेच सावरलेले आहेत, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची लक्षणं मात्र काही तासांत परततात आणि नेहमीचं जेवण सुरू झालं की पुन्हा ओसरतात. आणि जे नॉरॲड्रिनलिनवर काम करणाऱ्या औषधाने सावरलेत, ते या पेयाने सहसा ढळत नाहीत.

म्हणजे सेरोटोनिन कमी होणं हे नैराश्याचं पुरेसं कारण नाही, पण त्या औषधाने आलेला आराम टिकवायला सेरोटोनिन लागतं. 'सेरोटोनिनचा काही संबंध नाही' हे वाक्यही तितकंच चूक आहे.

टायानेप्टिन हे आणखी एक उदाहरण. ते सेरोटोनिनचं पुनर्शोषण (बाहेर सोडलेलं रसायन पेशीने परत आत ओढणं) वाढवतं असं बरीच वर्षं समजत होते, म्हणजे नेमकं उलट, तरीही नैराश्यावर गुण येई. पुढे कळलं की ते अफूवर्गीय म्यू रिसेप्टरवर (पेशीवरची, रसायन जिथे बसतं ती जागा) काम करतं. शिवाय त्याची सवय लागते.

ओंजळ

वाक्य काढायला माझा पाठिंबा, पण निशिगंध, 'काढाच' म्हणून थांबू नका. मॉन्क्रिफ यांचा आढावा कारणाबद्दल आहे, औषधाच्या गुणाबद्दल नाही. त्यावर २०२३ मध्ये त्याच नियतकालिकात बऱ्याच संशोधकांनी एकत्र येऊन आक्षेपही घेतले. गुणाबद्दल पाहायचं तर सिप्रियानी आणि सहकाऱ्यांचं २०१८ चं 'लॅन्सेट'मधलं विश्लेषण आहे: ५२२ चाचण्या, १,१६,४७७ रुग्ण, २१ औषधं. सगळी प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या गोळीपेक्षा) सरस ठरली, पण सरासरी फरक माफक, सुमारे ०.३ प्रमाणित एकक. सरासरीत हा फरक लहान असतो तेव्हा काहींना बराच फायदा आणि काहींना काहीच नाही, असंही असू शकतं.

आता 'कसं काम करतं' ते. सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशी मेंदूच्या खोडातल्या राफे केंद्रकांत असतात. मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी या जेमतेम काही लाख, पण त्यांचे तंतू जवळजवळ सगळ्या मेंदूभर पसरलेले. समोर रिसेप्टरचे किमान १४ प्रकार. तेच रसायन एका ठिकाणी पेशीला चेतवतं, दुसऱ्या ठिकाणी शांत करतं. त्यामुळे 'टाकीतली पातळी' ही कल्पनाच इथे बसत नाही.

गोळी पुनर्शोषण अडवते ते काही तासांतच. मग मन उजळायला दोन ते सहा आठवडे का लागतात? एक उत्तर असं: सुरुवातीला वाढलेलं सेरोटोनिन राफे पेशींच्या स्वतःच्याच रिसेप्टरवर बसतं आणि त्या पेशी आपला वेग कमी करतात. हे लगाम सैल पडायला दोन-तीन आठवडे जातात. दुसरं उत्तर जोडण्यांचं: बीडीएनएफसारखी वाढप्रथिनं वाढतात, सिनॅप्सची (पेशींमधल्या जोडण्यांची) घडण बदलते, आणि या गोष्टी वेळखाऊ आहेत.

तिसरं उत्तर मला पत्रकासाठी सगळ्यात उपयोगी वाटतं. ऑक्सफर्डच्या कॅथरीन हार्मर यांच्या प्रयोगांत एकाच मात्रेनंतर, मनःस्थिती तसूभरही बदललेली नसताना, चेहऱ्यांवरचे भाव ओळखण्यातला नकारात्मक कल कमी झालेला दिसला. म्हणजे औषध थेट आनंद ओतत नाही. कोड्यात टाकणारा चेहरा, अर्धवट वाक्य, उशिरा आलेलं उत्तर, यांचा अर्थ लावताना मेंदू जो वाईटाकडे झुकतो तो झुकाव आधी कमी होतो. त्या नव्या नजरेने रोजचे प्रसंग अनुभवत गेलं की मन हळूहळू वर येतं. याचाच दुसरा अर्थ असा की ज्याच्या दिवसात प्रसंगच उरलेले नाहीत, दार लावून एकटाच पडून आहे, त्याला गोळीचा उपयोग कमी होण्याची शक्यता आहे. थोडी हालचाल, थोडी माणसं, जोडीला मानसोपचार, हे म्हणूनच सांगायचं.

केवडा

ओंजळ, शेवटचा परिच्छेद फार आवडला. वाचनखूण साठवली.

एक शंका. सेरोटोनिनचं हे असं असेल तर 'डोपामिन म्हणजे आनंद' हेही तसंच का? आजकाल 'डोपामिन डिटॉक्स' जिकडेतिकडे ऐकू येतं.

रानवारा

हो, तसंच. १९५४ मध्ये ओल्ड्स आणि मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत विद्युतअग्र बसवले. उंदीर कळ दाबून दाबून दमले तरी थांबेनात. तेव्हापासून 'आनंदकेंद्र' हा शब्द रुळला. पुढे केंट बेरिज यांनी दाखवलं की डोपामिन जवळजवळ नष्ट केलेल्या उंदराच्या जिभेवर साखरपाणी टाकलं तर तो चवीने ओठ चाटतोच. स्वतःहून उठून साखरेकडे जात मात्र नाही. म्हणजे आवडणं शाबूत, हवंसं वाटणं गेलं.

वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांत एकेका पेशीची नोंद घेतली. अनपेक्षित रस मिळाला की डोपामिन पेशी उसळतात. दिव्यानंतर रस मिळतो हे शिकल्यावर त्या दिव्यालाच उसळतात, रसाला नाही. दिवा लागून रस आला नाही तर नेमक्या त्या क्षणी नेहमीपेक्षाही शांत होतात. हिशेब अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांच्या फरकाचा आहे.

नैराश्यातलं 'काही करावंसंच वाटत नाही' आणि 'केलं तरी मजा येत नाही' ही म्हणूनच दोन वेगळी लक्षणं धरायला हवीत. पार्किन्सनच्या रुग्णांना प्रामिपेक्सोलसारखी डोपामिनसदृश औषधं दिली तर काहींना जुगाराची किंवा खरेदीची अनावर ओढ लागते. मात्रा कमी केली की बहुधा ओसरते. हे औषध देताना घरच्यांना आधीच सांगून ठेवावं, कारण रुग्ण स्वतःहून क्वचितच बोलतो.

डिटॉक्सबद्दल: मोबाइल आठवडाभर बाजूला ठेवल्याने सवय मोडायला मदत होत असेल तर जरूर ठेवावा. त्याने डोपामिन 'स्वच्छ' होत नाही. ते रसायन हालचालीलाच लागतं, संपवून चालणारच नाही.

निशिगंध

आणि भीती, राग? त्यांचं वेगळं रसायन नसणार असं आता वाटायला लागलंय.

तळटीप

बरोबर वाटतंय. ग्रेगोरिओ मारान्योन यांनी १९२४ मध्ये लोकांना ॲड्रिनलिन टोचून विचारलं, काय वाटतं? बहुतेकांनी धडधड, थरथर एवढंच सांगितलं. काही म्हणाले, भीती वाटतेय 'जणू', पण खरी नाही. रसायनाने शरीर तयार झालं. भावना व्हायला प्रसंग लागला.

उलट उदाहरणही आहे. एस.एम. या आद्याक्षरांनी वैद्यकात ओळखल्या जाणाऱ्या स्त्रीचे दोन्ही अमिग्डाला (मेंदूतले भीतीशी जोडलेले भाग) एका दुर्मीळ आनुवंशिक आजाराने नष्ट झालेत. साप, कोळी, भयपट, कशालाच ती घाबरत नाही. पण २०१३ च्या अभ्यासात ३५ टक्के कार्बन डायऑक्साइडचा एकच श्वास दिला आणि तिला प्रचंड घबराट झाली. बाहेरच्या धोक्याचा रस्ता अमिग्डालातून जातो. रक्त आम्लधर्मी होतंय, गुदमरतोय, हा आतला इशारा दुसऱ्या वाटेने पोचतो. पॅनिकच्या झटक्यात 'श्वास कमी पडतोय' हे इतकं खरं का वाटतं, याचा धागा इथे आहे.

परीक्षानळी

धागा तत्त्वाकडे चाललाय, मी जरा प्रयोगशाळेत आणते. पत्रकात 'कोणत्या तपासण्या' हा भाग घाला, कारण लोक 'सेरोटोनिन लेव्हल' करून मागतात.

रक्तातलं सेरोटोनिन जवळपास सगळं बिंबाणूंमध्ये असतं आणि ते आतड्यात तयार झालेलं असतं. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्याचंच आहे आणि ते रक्त-मेंदू अडसर ओलांडत नाही. त्यामुळे त्या आकड्यावरून मेंदूबद्दल काहीही कळत नाही. लघवीतल्या न्यूरोट्रान्समीटरची पॅनेलं या कामाला निरुपयोगी आहेत. लघवीतलं ५-एचआयएए (सेरोटोनिनच्या विघटनातून उरणारं द्रव्य) कार्सिनॉइड गाठीच्या संशयासाठी तपासतात, मनःस्थितीसाठी नाही. मणक्यातल्या पाण्यात ते मोजलं तर काही अर्थ निघतो, पण १९७६ मध्ये मारी ऑस्बर्ग यांना त्याचा संबंध आत्महत्येच्या हिंसक प्रयत्नांशी दिसला. म्हणजे आवेगाशी, निव्वळ उदासीशी नाही.

उपयोगी तपासण्या साध्या आहेत: टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, बी१२, सोडियम, साखर, मूत्रपिंड आणि यकृत. थायरॉइड मंदावलं की आळस, जडपणा, विस्मरण, उदासी हे सगळं नैराश्यासारखंच दिसतं.

एक खोच. केसांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन ५ ते १० मिलीग्रॅम असतं. बऱ्याच यंत्रांची तपासणी बायोटिन-स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या पकडीवर चालते. रक्तातलं जादा बायोटिन ती पकड बिघडवतं, टीएसएच खोटंच कमी आणि फ्री टी४ (थायरॉइडचं हार्मोन) खोटंच जास्त दिसतं, आणि मंद थायरॉइड सुटून जातं. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवावं.

केवडा

बायोटिनचं हे अजिबात माहीत नव्हतं. हे पत्रकात हवंच.

ओंजळ

परीक्षानळी यांना दुजोरा, आणि तपासण्यांच्या बरोबरीने 'सध्या काय काय घेता' ही यादीही मागावी. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचं उदाहरण बघा. १९७२ मध्ये बोस्टनच्या एका मोठ्या औषधनिरीक्षण प्रकल्पात दिवसाला ४० मिलीग्रॅमपर्यंत १.३ टक्के, ४१ ते ८० मध्ये ४.६ टक्के आणि ८० च्या वर १८.४ टक्के रुग्णांना मानसिक लक्षणं आली. मात्रा वाढेल तसा धोका किती स्वच्छ चढतो पाहा. मेंदूच्या रसायनशास्त्राचा इतका सरळ पुरावा क्वचित मिळतो, आणि तो सेरोटोनिनचा नाही, कॉर्टिसॉलच्या भावंडाचा आहे.

दारूचंही विचारावं. ती मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचा परिणाम वाढवते आणि चेतवणाऱ्या ग्लुटामेटला दाबते; मेंदू उलट बाजूने जोर लावून तोल सांभाळतो. दारू उतरली की तो उलटा जोर उघडा पडतो: बेचैनी, पहाटे जाग, धास्ती. दारू थांबवल्यावर दोन ते चार आठवड्यांत बऱ्याच जणांची उदासी औषधाशिवायच ओसरते. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवू नये. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दोन-तीन दिवसांनी भ्रमाची अवस्था येऊ शकते. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.

दवबिंदू

हार्मोन निघालेच आहेत तर पाळीपूर्वीच्या तीव्र त्रासाचंही सांगते, कारण तिथे 'पातळी' हा शब्द आणखी उघडा पडतो. १९९८ मध्ये पीटर श्मिट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या स्त्रियांची इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनची पातळी इतरांसारखीच असते. पण अंडाशय औषधाने शांत केल्यावर तेच हार्मोन बाहेरून दिले की त्रास परत येतो. इतर स्त्रियांना त्याच मात्रेने काही होत नाही. फरक पातळीत नाही, प्रतिसादात आहे. आणि याच त्रासात सेरोटोनिनच्या गोळ्या काही दिवसांतच गुण देतात. पाळीआधीचे दोन आठवडेच घेतल्या तरी चालतात. म्हणजे 'सहा आठवडे' हा नियमही सगळीकडे सारखा नाही.

बाळंतपणानंतर हे हार्मोन काही दिवसांत कोसळतात आणि प्रोजेस्टेरॉनपासून बनणारं, गाबा रिसेप्टरला साथ देणारं ॲलोप्रेग्ननोलोनही कोसळतं. पहिले दोन आठवडे रडू येणं, हळवं होणं बहुतेक जणींना होतं. दोन आठवड्यांपुढे गेलं, झोप बाळ झोपलं तरी लागेना, बाळाबद्दल भयानक विचार येऊ लागले, तर थांबू नये. ॲलोप्रेग्ननोलोनवरच बेतलेली औषधं अमेरिकेत मंजूर झाली: शिरेतून द्यायचं ब्रेक्सानोलोन २०१९ मध्ये, तोंडाने घ्यायचं झुरानोलोन २०२३ मध्ये.

खलबत्ता

आता औषधाच्या काउंटरपलीकडून. लोक गोळी सोडतात ती बहुधा पहिल्या दहा दिवसांत किंवा बरं वाटल्यावर लगेच. पत्रकाचा अर्धा भाग याच दोन जागांना द्या.

पहिले दहा दिवस: मळमळ, पातळ शौच, डोकं जड, झोप बिघडणं. परीक्षानळी म्हणाल्या तसं सेरोटोनिनचं मोठं घर आतड्यात आहे, म्हणून पोट आधी तक्रार करतं. जेवणानंतर घेतली तर कमी होतं, आणि बहुतेकांचं एक-दोन आठवड्यांत थांबतं. झोप उडत असेल तर सकाळी, झोप येत असेल तर रात्री. लैंगिक इच्छा किंवा तृप्ती कमी होणं मात्र आपोआप जाईलच असं नाही; ते स्पष्ट लिहा, कारण लाजेने कोणी विचारत नाही आणि गोळी गुपचूप बंद होते.

वयस्कर माणूस आणि जोडीला थायाझाइड वर्गाची रक्तदाबाची गोळी असेल तर दोन-तीन आठवड्यांनी सोडियम तपासावं. गोंधळ, तोल जाणं, ग्लानी दिसली तर लगेच. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांबरोबर जठरातून रक्तस्रावाचा धोका वाढतो. वेदनाशामक ट्रामाडॉल, खोकल्याचं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, प्रतिजैविक लिनेझोलिड ही सोबत आली तर सेरोटोनिन अति होण्याची भीती: थरथर, घाम, जुलाब, ताप, घोट्याला झटके. हे बहुधा २४ तासांच्या आत सुरू होतं, आणि तेव्हा रुग्णालयातच जायचं. सेंट जॉन्स वर्टसारखी 'नैसर्गिक' गोळीही यात येते, आणि ती गर्भनिरोधक गोळीचा परिणामही घटवते.

आता सोडणं. अर्धायुकाल (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) लक्षात ठेवा: व्हेन्लाफॅक्सिन सुमारे ५ तास, पॅरोक्सेटिन २१, सर्ट्रालिन २६, एस्सिटालोप्राम ३० च्या आसपास. फ्लुओक्सेटिन नियमित घेतल्यावर ४ ते ६ दिवस, आणि त्याचा क्रियाशील अंश त्याहूनही जास्त. म्हणून व्हेन्लाफॅक्सिनची एक गोळी चुकली तरी संध्याकाळी गरगरतं, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतं. फ्लुओक्सेटिनला तेच चार दिवसांनीही जाणवणार नाही.

रानवारा

यात मात्रेचा आलेख जोडतो, तो फार कमी जणांना ठाऊक असतो. सिटालोप्राम ४० मिलीग्रॅमला मेंदूतले सुमारे ८६ टक्के सेरोटोनिन वाहक (पुनर्शोषण करणारी प्रथिनं) अडवतं, २० ला सुमारे ८०, ५ च्या आसपास ६०, अडीचच्या खाली ४०, आणि एक मिलीग्रॅमच्याही आत २०. म्हणजे ४० वरून २० वर आलात तर जेमतेम सहा टक्क्यांची घट, आणि ५ वरून शून्यावर आलात तर साठ टक्क्यांची कोसळ. शेवटची छोटी गोळी थांबवतानाच माणूस का हलतो ते यात आहे. २०१९ मध्ये मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी यावरून सुचवलं की शेवटच्या पायऱ्या सगळ्यात लहान ठेवाव्यात.

निशिगंध

हे आकडे पत्रकात नकोत असं माझं मत. घरी बसून ब्लेडने गोळ्या कापणं सुरू होईल.

खलबत्ता

आकडे नकोत, तत्त्व हवं. आणि कापण्याबद्दल दोन ओळी हव्यातच: हळूहळू सुटणाऱ्या गोळ्या आणि कॅप्सूल कापू, चावू, कुटू नयेत, सगळी मात्रा एकदम सुटते. 'एक दिवसाआड घ्या' हा सल्ला कमी अर्धायुकालाच्या औषधाला चुकीचा आहे, दर दुसऱ्या दिवशी रक्तातली पातळी आपटते. लहान मात्रा हवी तर द्रवरूप औषध मिळतं का ते डॉक्टरांना विचारावं.

ओंजळ

निशिगंध यांची काळजी रास्त आहे. पण गोळी सोडल्यावर तीन दिवसांत गरगरणं, झटके, स्वप्नं सुरू झाली आणि गोळी पुन्हा घेताच एक-दोन दिवसांत थांबली, तर ते औषध सुटण्याचं लक्षण आहे. आजार परततो तो आठवड्यांनी, दबक्या पावलांनी. हा फरक माहीत नसेल तर माणूस 'मला आयुष्यभर गोळी लागणार' अशी समजूत करून घेतो.

आणखी एक गोष्ट पत्रकाच्या वरच्या भागात हवी. पूर्वी कधी काही दिवस झोप अगदी कमी लागूनही उत्साह ओसंडत होता, बोलणं थांबत नव्हतं, पैसा उधळला गेला, असं घडलं असेल किंवा घरात कुणाला उन्माद-नैराश्याचा आजार असेल, तर गोळी सुरू करण्याआधी सांगा. त्या आजारात नुसती नैराश्याची गोळी उन्मादाकडे ढकलू शकते. तिथे लिथियमसारखं औषध लागतं, आणि लिथियममध्ये पातळी खरोखर मोजायची असते: शेवटच्या मात्रेनंतर बरोबर १२ तासांनी रक्त, बहुधा लिटरमागे ०.६ ते ०.८ मिलीमोल, दीडच्या वर विषबाधेची भीती. जुलाब, उलट्या, अचानक मीठ तोडणं, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं, यांनी ती चढते.

केवडा

म्हणजे ज्याची पातळी मोजता येते ते लिथियम मेंदूत मुळात जवळजवळ नसतंच, आणि जे असतं त्या सेरोटोनिनची मोजता येत नाही!

पायवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. वाक्य काढतोय. वरून घेऊन पहिला मसुदा असा:

"नैराश्यात मेंदूचा भावनांचा अर्थ लावण्याचा, झोपेचा, भुकेचा आणि उमेदीचा कारभार बिघडतो. यात अनेक रसायनं, ताण, शरीराचे इतर आजार आणि आयुष्यातले प्रसंग एकत्र असतात. एकाच रसायनाचं असंतुलन हे त्याचं कारण नाही. ही गोळी सेरोटोनिनचं काम बदलते. आधी मेंदूचा वाईटाकडे झुकणारा कल कमी होतो, मन सावरायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यांत पोटाचा त्रास होऊ शकतो. बरं वाटलं तरी स्वतःहून बंद करू नका. कमी करताना शेवटच्या पायऱ्या सर्वांत लहान असतात."

तळटीप

'असंतुलन' हा शब्द पूर्ण काढा, नकारातसुद्धा. वाचणाऱ्याच्या डोक्यात तोच राहतो. 'कोणत्याही एका रसायनाच्या कमतरतेवर बोट ठेवता येत नाही' एवढं पुरे. आणि 'कारभार बिघडतो' छान आहे, ठेवा.

परीक्षानळी

बायोटिनची ओळ तपासण्यांच्या चौकटीत घाला, कृपया.

ओंजळ

मसुदा चांगला आहे, एक मोठी उणीव सोडून. सुरुवातीच्या आठवड्यांत, विशेषतः पंचविशीच्या आतल्यांमध्ये, मन वर येण्याआधी अस्वस्थता वाढू शकते: एका जागी बसवत नाही, आतून तगमग, झोप साफ उडालेली, मरणाचे विचार नव्याने किंवा जास्त. अमेरिकेत याबाबतचा ठळक इशारा २००४ पासून औषधांवर छापला जातो, २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंत वाढवला. हे पत्रकात सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत, आणि घरच्यांना उद्देशून लिहा, कारण त्या अवस्थेत रुग्ण स्वतः फोन करेलच असं नाही. 'त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, एकटं सोडू नका, गोळ्यांचा साठा आपल्या ताब्यात ठेवा.'

पायवाट

घेतलं, चौकटीत, पहिल्या ओळीच्याही वर. फोन क्रमांकासाठी खाली रिकामी जागा ठेवतो, ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांचा लिहून घ्यावा.

खलबत्ता

दोन रिकाम्या जागा ठेवा. दुसरी रात्रीच्या क्रमांकासाठी.